पराभवानंतरचे वाचन

निवडणुकीच्या निकालाचा दुसरा दिवस वाचनकक्षात लगेच ओळखू येतो. विजयी पक्षाची मंडळी मिरवणुकीत असतात. पराभूत पक्षाची मंडळी वर्तमानपत्र उघडतात आणि न वाचताच मिटून ठेवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर होणारी पांढुर्णा-सावरगावची गोटमार निदान सायंकाळी थांबते. निवडणुकीत भिरकावलेले शब्द मात्र वर्षानुवर्षे लागत राहतात. अशा वेळी ग्रंथ माणसाला काय देतात, याची काही उदाहरणे शताब्दीच्या निमित्ताने स्मरावीशी वाटतात.

पहिले उदाहरण आपल्याच जुन्या प्रांतातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी भंडारा आणि छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत लोकसभेसाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा पराभूत झाले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला मतदारांनी नाकारावे, याहून मोठा विपर्यास कोणता? परंतु ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधणाऱ्या या विद्वानाचे वाचन आणि लेखन त्यामुळे थांबले नाही. प्रकृती ढासळत असतानाही बुद्धाच्या जीवनावरील व धम्मावरील आपला महाग्रंथ त्यांनी सिद्ध केला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निवडणुकांतील मतांचे आकडे आज अभ्यासकांनाच ठाऊक असतात. तो ग्रंथ घरोघरी पोहोचला आहे.

ग्रंथांनी दिलेले हे बळ गंभीर स्वरूपाचे. दुसरे बळ विनोदाचे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप १८६८ मध्ये बेव्हर्ली येथून पार्लमेंटसाठी उभे राहिले आणि चार उमेदवारांत शेवटचे आले. मतदारांना शिव्याशाप देत बसण्याऐवजी त्यांनी तो सारा अनुभव १८७१ च्या ‘राल्फ द एअर’ या कादंबरीत उतरवला. लाचलुचपत सिद्ध होऊन बेव्हर्लीचा प्रतिनिधित्वाचा हक्क १८७० मध्ये गेला. कादंबरी मात्र राहिली.

विनोदाच्या शोधात आपल्याला इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात जन्मले आणि वऱ्हाडात वकिली करीत राहिले. त्यांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या समाजाच्या खुळचटपणाला हसवतात, ते प्रथम स्वतःचे हसे करून घेऊन. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी येथून जवळच असलेल्या सावनेरला निवर्तले. कामण्णा आणि धुंडिराज यांच्यामुळे प्रेक्षकांना पोट धरून हसवणारे ‘भावबंधन’ त्यांनी अखेरच्या आजारात पूर्ण केले. मृत्यूच्या छायेत जे हास्य टिकले, त्याने निवडणुकीपुढे हार का मानावी?

माझे एक वयोवृद्ध स्नेही फार वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत थोडक्या मतांनी पडले. ज्या गल्लीने दगा दिला असे त्यांना वाटले, त्या गल्लीतून जाणेच त्यांनी सोडले. जिवलग मित्राशीही अबोला धरला. एकदा ग्रंथपालांनी काही न बोलता कोल्हटकरांचे पुस्तक त्यांच्यापुढे सरकवले. आठवड्याने ते परत करताना स्वारी मला म्हणाली, “सर, यातला सुदामा मीच की! फरक एवढाच, की पोहे मी वाटले आणि द्वारका दुसऱ्यालाच मिळाली.” त्या सायंकाळी ते त्याच गल्लीतून घरी गेले आणि वाटेत मित्राच्या ओट्यावर टेकले.

पराभूताला विजयी करणे ग्रंथालयाच्या हाती नाही. त्याला पुन्हा गावात आणून बसवणे मात्र निश्चित आहे. सरकारी कामकाज हिंदीत आणि सुखदुःखाचे बोलणे मराठीत, अशा आपल्या सीमावर्ती भागात स्वतःच्या भाषेत हसण्याची ही एक जागा शंभर वर्षे उघडी राहिली.