ज्यूदोची गादी आणि आपली माती

यवतमाळकडच्या एखाद्या जत्रेंत कुस्त्यांची दंगल ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना तेथील कायदा समजावून सांगावा लागत नाहीं. पाठ मातीला लागली कीं कुस्ती संपली. गुणांची वही नाहीं, घड्याळाची घाई नाहीं. कडेला बसलेला म्हाताराहि पंचाइतक्याच खात्रीनें निकाल देतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र मातीच्या जागीं गादी येते, मिनिटें मोजलीं जातात आणि नियमांचें पुस्तक असतें. तें पुस्तक कोणाच्या हातीं आहे, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. जपानच्या ज्यूदोची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे; कारण एका ठिकाणीं ती आपल्या कुस्तीच्या हकीकतीला अगदीं अंगाला अंग लावून भिडते.

१९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले. यवतमाळच्या शेजारच्या अमरावतीहून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक त्या निमित्तानें तेथें गेलें होतें. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलेली ही संस्था. वऱ्हाडच्या तरुणांनीं परक्या लोकांसमोर मल्लखांब, कबड्डी वगैरे आपले खेळ करून दाखविले आणि पथक परत आलें. त्याच सुमारास त्याच शहरांत ज्यूदोचे जनक जिगोरो कानो हेहि होते. पण ते कांहीं करून दाखविण्यासाठीं आले नव्हते. १९०९ पासून ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद होते आणि १९४० चे सामने टोकियोस मिळावे म्हणून खटपट करीत होते. बर्लिनच्या बैठकींत ते मिळालेहि. दाखविणारा आणि ठरविणारा यांतला हा फरक लहान नव्हे.

कानो हे पेशानें शिक्षक. १८८२ सालीं टोकियोंत त्यांनीं कोदोकान ही शाळा काढली, जुन्या जुजुत्सूंतले जीवघेणे डाव बाजूस सारले आणि पडावें कसें याला शिक्षणांत मोठें स्थान दिलें. प्रतिस्पर्ध्याचा जाड अंगरखा धरून त्याला ताब्यांत ठेवीत जोरानें पाठीवर टाकलें कीं पुरा विजय. त्याला 'इप्पोन' म्हणतात. आपल्या चीतपटाचा हा जवळचा आप्तच म्हणावा. १९३८ सालीं कैरोच्या बैठकीहून परततांना कानो जहाजावरच वारले, आणि त्याच वर्षीं जपाननें युद्धापायीं टोकियोचे सामनेहि सोडून दिले. पुढें पराभवानंतर देश ताब्यांत घेणाऱ्या सत्तेनें शाळांतून ज्यूदो बंद केला. १९५० मध्यें तो शाळांत परतला आणि १९६४ सालीं टोकियोच्याच ऑलिंपिकमध्यें दाखल झाला. चार गटांपैकीं तिहींत जपान जिंकला. वजनाची अट नसलेल्या चौथ्या गटांत मात्र हॉलंडच्या धिप्पाड आंतोन हेसिंकनें अकियो कामिनागाला गादीला खिळविलें. घरचा खेळ, घरचें अंगण, आणि जिंकला पाहुणा! हर्षानें गादीकडे धांवत सुटलेल्या आपल्याच देशबांधवांना हेसिंकनें हात वर करून थोपविलें, हें त्याच्या विजयाइतकेंच सांगण्यासारखें आहे.

बंदीच्या काळांत ज्यूदो सुटलेले कांहीं तरुण कुस्तीकडे वळले. त्यांपैकींच एक शोहाची इशिई. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलोच्या गटांत त्याची गांठ पडली ती कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांशीं.

खाशाबांची तालीम मातींतली. १९४८ सालीं लंडनला गादीचे नियम अंगवळणीं नसतांना ते सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठीं पैशांची तोंडमिळवणी होईना, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. असा प्राचार्य लाभणें हेंहि एक पदकच! खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविलें. इशिईशीं झालेली लांबलचक कुस्ती ते हरले. अंगावरचा घाम निपटतो न निपटतो तोंच त्यांना रशियाच्या रशीद मामादबेयोवशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्धा तास विश्रांति द्यावी असा नियम होता. परंतु तो दाखवून भांडावयास एकहि भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा तीहि कुस्ती हरले. सुवर्णपदक इशिईला, रौप्य मामादबेयोवला आणि कांस्य खाशाबांना मिळालें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरें येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हारतुरे झाल्यावर खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत उतरले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचें देणें फेडलें.