मृत्यूनंतरची तहकीकात

1913 साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी स्थापन केली, तेव्हा बेळगाव व निपाणीचा मुलूख मुंबई इलाख्यातच होता. त्या काळच्या विमाव्यवहाराचा विचार करताना माझे मन भांडवलाच्या आकड्यांपेक्षा एका प्रश्नापाशी अधिक रेंगाळते: विमेदाराच्या प्रकृतीची तहकीकात कंपनीने केव्हा करावी, पहिला हप्ता स्वीकारण्यापूर्वी, की विधवा दावा घेऊन दारी आल्यावर?

प्रस्तावपत्र बहुधा इंग्रजीत असे. एजंट प्रश्न तोंडी समजावून उत्तरे स्वतःच भरी, आणि विमेदार खाली मोडीत सही करी किंवा अंगठा उठवी. वर्षानुवर्षे बिनतक्रार हप्ते घ्यावयाचे आणि मृत्यूनंतर त्याच कागदातील एखादे अपुरे उत्तर हुडकून रक्कम नाकारावयाची, हा विमेदाराच्या विश्वासाचा उघड घात होय. 1938 च्या विमा कायद्यातील 45 व्या कलमाने त्यास पायबंद घातला. दोन वर्षे लोटल्यावर केवळ चुकीच्या उत्तराच्या सबबीवर पॉलिसी रद्द होऊ शकत नव्हती. महत्त्वाची बाब जाणूनबुजून, कपटाने दडविली, हे कंपनीस दाखवून द्यावे लागे. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने या अटींची फोड केली, परंतु कपट सिद्ध झाल्याने दाद मागणाऱ्याची मागणी फेटाळली. तो निकालही मला न्याय्य वाटतो, कारण लबाडीचा भुर्दंड अखेर इतर विमेदारांवरच पडतो.

1956 च्या 1 सप्टेंबरास 245 विमासंस्थांचा कारभार आयुर्विमा महामंडळाकडे गेला आणि दोनच महिन्यांनी, 1 नोव्हेंबरास, निपाणीसह बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या विभागणीची झळ आजही जाणवते: कोल्हापूरच्या विमेदाराची तक्रार पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाते, तर कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरांवरील निपाणीकराची पाचशेहून अधिक किलोमीटर दूर बेंगळुरूस.

2014 अखेरच्या दुरुस्तीने 45 व्या कलमातील दोन वर्षांची मुदत तीन वर्षांची झाली. त्यानंतर कोणत्याही कारणास्तव आयुर्विम्याच्या पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, आणि त्याआधी कपटाचा आरोप करावयाचा तर कारणे व आधार लेखी कळवावे लागतात. दावा नाकारला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने हा लेखी खुलासा हक्काने मागावा. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की तीन वर्षे नव्याने मोजली जातात, आणि तंबाखूचा पैसा हंगामालाच हाती येणाऱ्या निपाणी भागातील शेतकऱ्याचा हप्ता चुकण्याचा संभव मोठा असल्याने, हे कलम पॉलिसी देतानाच त्यास मराठीत समजावून सांगणे एजंटाचे कर्तव्य ठरते.