एकवीस हजारांच्या आतलं म्हातारपण

गावात 'पेन्शन' म्हटलं की मास्तर आठवतात, ग्रामसेवक आठवतो. बाकीच्या म्हाताऱ्यांना मिळतो तो 'निराधारचा पगार'. कुणी नुसतं 'संजय गांधीचे पैसे आले का?' असंही विचारतं. मला या बोलण्याची गंमत वाटते, कारण शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातले म्हातारेही असंच बोलायचे. तिथे १९०८ साली कायदा झाला, १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टातून आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. लॉइड जॉर्ज तेव्हा अर्थमंत्री होते. लोक त्या पैशालाच 'लॉइड जॉर्ज' म्हणायला लागले.

त्याआधी जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये कामगारांसाठी म्हातारपणाचा विमा आणला होता. पण त्यात कामगार आणि मालक दोघेही हप्ता भरायचे. इंग्लंडात हप्ता नव्हता, अटी मात्र भरपूर. वर्षाचं उत्पन्न २१ पौंडांच्या आत असेल तरच पूर्ण रक्कम. हा २१ चा आकडा लक्षात ठेवा.

आपल्याकडे घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणाचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. राज्यांपैकी पहिलं पाऊल उत्तर प्रदेशने १९५७ मध्ये टाकलं. ती मदत सांभाळणारं कुणीच नसलेल्यांसाठी होती. म्हणजे मुलगा असला की सरकार मोकळं, मग तो विचारो वा न विचारो. आपल्या महाराष्ट्रात अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. पुढे ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या योजनेला नाव दिलं 'श्रावणबाळ'. कावड खांद्यावर घेणाऱ्या मुलाचं नाव सरकारने स्वतःला लावून घेतलं, हे मला तरी धाडसाचंच वाटतं.

केंद्र सरकार यात उतरलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. महिना ७५ रुपये! पुढे त्याचे २०० झाले, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचं नाव मिळालं, २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांना ५००. बस्स. साठ ते एकोणऐंशीच्या माणसाला केंद्राचे आजही २०० च रुपये आहेत. मधल्या काळात सरकारं बदलली, तेलाचा डबा कुठल्या कुठे गेला, पण हे २०० जागचे हलले नाहीत. वरची भर राज्याने घातली, म्हणून आपल्याकडे २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाले. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता तो आकडा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. पौंडांचे रुपये झाले एवढंच! दिवसाला साडेसत्तावन्न रुपये पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. घरातल्या एका माणसाने ७१ दिवस खडी फोडली तरी म्हातारी 'श्रीमंत' झाली की नाही, तुम्हीच गुणाकार करून बघा.

आणि हे जोडून बघा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण सुरू झाली. तिथेही १,५०० च, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची मर्यादा ६५. बाईचं पासष्टावं सरलं की ते पैसे थांबणार. मग तिने श्रावणबाळच्या रांगेत जायचं, तर तिथे अडीच लाखांचा दरवाजा २१,००० चा झालेला. कमावण्याची ताकद असताना सैल अट आणि ती संपल्यावर कडक, असा उलटा हिशेब मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. लाडकी बहीण बंद करा असं माझं म्हणणं नाही, कमेंटमध्ये त्यावरून भांडू नका. माझा प्रश्न फक्त पासष्टाव्या वाढदिवसाचा आहे.

मग इतक्या लोकांना पगार मिळतो तरी कसा? मी शेजारपाजारच्यांचे अर्ज भरून देतो, तेव्हा सोबतचे उत्पन्नाचे दाखले हातात येतात. कुणाचं घर पत्र्याचं, कुणाचं स्लॅबचं, कुणाकडे दोन म्हशी. दाखल्यावर मात्र बहुतेकांचं उत्पन्न एकच असतं: २१,०००.