बुडखा काढणे

झाड तोडल्यावर किंवा वादळात मोडून पडल्यावर जमिनीलगत उरलेला खोडाचा भाग, त्याला जोडलेल्या मुख्य मुळांसह, जमिनीतून उपटणे अथवा जागच्या जागी नष्ट करणे या कामास बुडखा काढणे असे म्हणतात. घराभोवतीच्या बागेत हे काम प्रामुख्याने नवी लागवड, बांधकाम, कुंपण किंवा वाट मोकळी करण्यासाठी केले जाते. झाड तोडण्याचे काम काही तासांत उरकते. बुडखा मात्र कित्येक दिवस, क्वचित कित्येक वर्षे, जागा सोडत नाही.

शब्दविचार

बुंधा म्हणजे उभ्या झाडाच्या खोडाचा तळाकडील जाड भाग. तोडीनंतर उरतो तो बुडखा. बोलीत त्यालाच खुंट किंवा थोटूक असेही म्हणतात. ज्वारी-बाजरीच्या कापणीनंतर शेतात राहते ते धसकट. उसाच्या तोडणीनंतर जमिनीतील बुडख्यांपासून पुन्हा घेतलेल्या पिकाला खोडवा म्हणतात, आणि बागेतील बुडख्याचा हट्ट समजून घेण्यास हा शब्द फार उपयोगी आहे. शेतकरी ज्या गुणाचा फायदा घेतो, तोच गुण बागेत डोकेदुखी ठरतो.

बुडखा पुन्हा का फुटतो

बहुतेक रुंदपर्णी झाडांच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात. वरचे खोड असेपर्यंत त्या दबून राहतात; ते गेले की जागृत होतात. मुळांमध्ये साठवलेले पिष्टमय अन्न त्यांना पुरते आणि काही आठवड्यांत धुमारे दिसू लागतात. सुबाभूळ आणि निलगिरी या बाबतीत विशेष चिवट आहेत. वड, पिंपळ व उंबर ही झाडेही सहज पुन्हा फुटतात. धुमारे वाढू दिले तर त्यांची पाने मुळांचा साठा पुन्हा भरतात; ते कोवळे असतानाच वारंवार खुडले तर साठा आटत जातो आणि बुडखा अखेरीस मरतो. या उपायाला खर्च नाही, पण सातत्य लागते. एका पावसाळ्यात दुर्लक्ष झाले तर आधीची मेहनत वाया जाते.

एकाच जातीच्या शेजारी झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळून येऊ शकतात. न्यूझीलंडमधील कौरी वृक्षाचा एक पानहीन बुडखा शेजारच्या झाडांच्या आधारे जिवंत राहिल्याचे निरीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, बुडख्यावर लावलेले तणनाशक अशा जोडातून जवळच्या चांगल्या झाडापर्यंत पोहोचू शकते.

खणून काढणे

घरगुती बागेत आजही हीच पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे यश झाड तोडतानाच ठरते. बुडखा काढायचाच असेल तर खोड जमिनीसपाट कापू नये. तीन ते चार फूट उंच ठेवावे. हा उंच भाग तरफेचे काम करतो. दोर किंवा साखळी जितकी वर बांधावी तितकी ओढ कमी लागते. सपाट कापलेल्या बुडख्याला पकडच मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी हीच चूक झालेली आढळते.

प्रथम बुडख्याभोवती दोन-तीन फुटांवरून चर खणतात. आदल्या दिवशी पाणी सोडल्यास माती मऊ होते. मात्र काळ्या मातीत पाणी जास्त झाले तर चिखल होऊन काम अडते. कुदळीने माती मोकळी करून मुळे उघडी करतात व एकेक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाकतात. एकाच ठिकाणी तोडल्यास पुढे हत्यार चालवायला जागा राहत नाही. मातीत कुऱ्हाड मारल्यास धार लगेच जाते, म्हणून मुळावरील माती आधी पाण्याने धुऊन घ्यावी. बाजूची मुळे संपल्यावर बुडखा पहारेने हलवून पाहतात. हलत नसेल तर खाली सोटमूळ शिल्लक आहे असे समजावे आणि एका बाजूने चर खोल करून ते तोडावे. शेवटी चेनपुली, ट्रॅक्टर किंवा जेसीबीने ओढून काढतात.

ताणाखालील साखळी तुटल्यास ती वेगाने परत येते; म्हणून ओढताना साखळीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. पाण्याची, गॅसची किंवा सांडपाण्याची वाहिनी आणि विजेची केबल कोठून जाते, हे खणण्यापूर्वीच पाहावे. भिंतीलगतच्या बुडख्याची मुळे पायाखाली गेलेली असतात. ती ओढून काढण्याऐवजी पायाजवळ कापून तिथेच सोडणे श्रेयस्कर. जुन्या तटबंदीत व वाड्यांच्या भिंतींत रुजलेल्या पिंपळाबाबत हा नियम अधिकच कडक आहे, कारण मूळ ओढले की त्यासोबत दगडही निघतो.

वादळात मुळासह उलटलेले झाड हा वेगळा आणि अधिक धोक्याचा प्रकार होय. आडव्या खोडाचे वजन मुळांच्या चकतीला तोलून धरत असते. खोड कापताच ती मातीसकट झटक्यात पुन्हा खड्ड्यात बसू शकते. त्यामुळे कापणी सुरू असताना त्या खड्ड्यात कोणालाही, विशेषतः मुलांना, उतरू देऊ नये.

यंत्राने खरवडणे

दातेरी फिरत्या चाकाच्या यंत्राने बुडखा जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत खरवडून त्याचा भुगा करता येतो. मुळे तशीच राहतात व सावकाश कुजतात. हिरवळीसाठी एवढे पुरेसे असते. पण त्याच जागी मोठे झाड लावायचे असल्यास नाही. महाराष्ट्रात ही यंत्रे सर्रास मिळत नाहीत.

जाळणे

वाळलेल्या बुडख्यात गिरमिटाने खोल भोके पाडून त्यांत शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यासह भरण्याची पद्धत जुनी आहे. शोरा लाकूड विरघळवत नाही. तो लाकडात मुरतो आणि पेटवल्यावर प्राणवायू पुरवून धग टिकवतो. तसेच त्यातील नत्रामुळे बुरशीला मदत होते. ओल्या बुडख्यावर त्याचा उपयोग होत नाही. आग वरून विझलेली दिसली तरी मुळांतून दिवसेंदिवस धुमसत राहू शकते आणि दूरवर बाहेर पडू शकते. वस्तीत ही पद्धत टाळावी. रॉकेल किंवा डिझेल ओतण्याने बुडख्यापेक्षा मातीचेच अधिक नुकसान होते.

तणनाशके व लोकसमजुती

तणनाशक बुडखा काढत नाही, फक्त मारते. ते झाड तोडल्यावर लगेच, सालीच्या आतल्या जिवंत कडेवर लावावे लागते. मधले गाभ्याचे लाकूड मृत असते; त्यावर ओतलेले औषध वाया जाते. ग्लायफोसेटचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली.

बुडख्यात हिंग भरला की झाड मरते, ही समजूत गावोगाव ऐकू येते. तांब्याचा खिळा ठोकण्याची समजूत इंग्लंडात आहे. दोन्हींवर विसंबण्यासारखे काही नाही. मिठाने परिणाम होतो खरा, पण तो मातीवर: तेथे पुढे काहीच नीट उगवत नाही.

कुजवणे

घाई नसल्यास बुडखा कुजू द्यावा. लाकडातील लिग्निन हा चिवट घटक मोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते. त्यासाठी ओलावा, हवा आणि थोडे नत्र लागते. बुडख्यात भोके पाडून शेणकाला भरणे, वर माती व पालापाचोळा झाकणे आणि उन्हाळ्यात पाणी देणे एवढे पुरते. मऊ लाकूड दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होते. बाभळीसारखे कठीण लाकूड पुष्कळ जास्त काळ घेते. घराला लागून असलेला बुडखा कुजवू नये, कारण त्यात जमलेली वाळवी पुढे दारे-चौकटींकडे वळू शकते. गॅनोडर्मासारख्या मूळकूज बुरशीने झाड मेले असल्यास बुडखा मुळांसह काढणे आवश्यक ठरते, अन्यथा रोग शेजारच्या झाडांत जातो.

नारळ व सुपारी

या एकदल झाडांना सोटमूळ नसते. तळातून असंख्य, जवळपास सारख्या जाडीची मुळे फुटतात. वाढीचा कोंब शेंड्याला एकच असल्याने तोडलेला नारळ पुन्हा फुटत नाही. त्यामुळे त्याचा बुडखा निरुपद्रवी वाटतो, पण तसे नाही. नारळाच्या कुजत्या खोडांत व बुडख्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तेथे वाढतात आणि प्रौढ भुंगे जिवंत माडांचे कोंब पोखरतात. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने कोकणातील हजारो माड-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा पडलेली खोडे व बुडखे वेळेत हलवणे हा उरलेली बाग वाचवण्याचाच भाग होता. हलवणे शक्य नसेल तर असे बुडखे फोडून, उलगडून वाळू देतात, म्हणजे भुंग्याला हवा तो ओलावा राहत नाही.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्रातील नागरी भागात झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जाळून किंवा अन्य रीतीने इजा करून झाड मारणे हेही तोडण्यातच मोडते. धुमारे फुटलेला बुडखा हे जिवंत झाड असल्याने, तो काढण्यापूर्वी स्थानिक उद्यान विभागाकडे चौकशी करणे सोयीचे.

खड्ड्याची भरणी

बुडखा निघाल्यावर राहिलेला खड्डा थराथराने माती टाकून, प्रत्येक थर धुमसाने दाबून भरतात आणि वर वीतभर उंचवटा ठेवतात. पहिल्या पावसात तो खचून सपाट होतो. लाकडाचा भुगा खड्ड्यात मिसळू नये. तो कुजताना मातीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतो आणि नव्या रोपाची पाने पिवळी पडतात. तो बाजूला ढिगात कुजवून पुढील वर्षी आच्छादन म्हणून वापरता येतो. काळ्या मातीत मोठे झाड गेल्यावर, ते शोषत असलेले पाणी जमिनीतच राहते व माती फुगते. जवळच्या कुंपणभिंतीला अशा वेळी तडे जाऊ शकतात. म्हणून पक्के बांधकाम एक पावसाळा उलटल्यावर करावे.