बुजुर्गांचे ऑपरेशन आणि जिगर: ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका

पित्ताचे खडे, हर्निया, गुडघा... साठी-सत्तरीनंतर घरातल्या बुजुर्गांचे कुठले ना कुठले ऑपरेशन निघतेच. आपण शुगर तपासतो, कार्डिओग्राम काढतो. जिगर म्हणजे यकृताची मात्र फारशी चौकशी करत नाही. खरे तर भुलीची व वेदनाशामक अशी अनेक औषधे यकृतातच मोडली जातात आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटकही तिथेच तयार होतात.

वयाने काय बदलते?

म्हातारपणी यकृताचा आकार साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी होतो. त्यातून वाहणारे रक्तही बरेच घटते. त्यामुळे मॉर्फिन, मिडाझोलमसारखी औषधे शरीरात जास्त वेळ राहतात. म्हणूनच भूलतज्ज्ञ वयस्कर माणसाला डोस कमी देतात. इजा झालेले यकृत भरून यायलाही जास्त वेळ लागतो.

रिपोर्ट का फसवतो?

निरोगी वृद्धांचे बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी बहुधा नॉर्मलच येतात. पण हे एन्झाइम यकृताला झालेली इजा दाखवतात, त्याची उरलेली ताकद नाही. सिरॉसिसमध्येही ते कधी कधी नॉर्मल असतात. म्हणून अल्ब्युमिन, आयएनआर आणि प्लेटलेट्स हे तीन आकडेही पाहावे लागतात. प्लेटलेट्स सतत कमी असतील तर डॉक्टरांना कारण विचारावे.

डायबिटीस किंवा लठ्ठपणा असेल तर फॅटी लिव्हरची शक्यता असते. त्यासाठी ‘फिब-४’ हा हिशेब करतात. त्यात वयच गुणले जाते, त्यामुळे वृद्धांचा आकडा आपोआप वाढतो. म्हणून ६५ नंतर १.३ ऐवजी २.० ही मर्यादा धरतात. आकडा त्यापुढे गेला तर फायब्रोस्कॅन करायला सांगतात.

सिरॉसिस असेल तर

‘चाइल्ड-प्यू’ पद्धतीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यांना ५ ते १५ गुण देतात. ५-६ म्हणजे ए गट, ७ ते ९ बी, १० व त्यापुढे सी. जुन्या अभ्यासांत पोटाच्या ऑपरेशननंतर मृत्यूचे प्रमाण या गटांत अनुक्रमे साधारण १०, ३० आणि ८० टक्के आढळले होते. पुढे उपचार सुधारले आणि हे आकडे खाली आले, तरी सी गटात टाळता येणारे ऑपरेशन सहसा टाळतात. ‘मेल्ड’ या दुसऱ्या गुणांकात क्रिएटिनिनही धरतात. वृद्धांचे स्नायू कमी झालेले असतात, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसते आणि धोका आहे त्यापेक्षा लहान वाटू शकतो.

घरच्यांनी काय करायचे?

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. हकीमसाहेबांचे माजून, काढे, चूर्णेही सांगा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, डॉक्टरांपासून लपवू नका.
- पूर्वीची कावीळ, रक्त चढवणे, हेपॅटायटिस बी-सी यांची माहिती द्या.
- रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.
- ऑपरेशन रमजानमध्ये आले तर रोज्याबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारा. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे.

फक्त वय झाले म्हणून ऑपरेशन नाकारण्याचे कारण नाही. पंचाहत्तरीच्या दादीचे यकृत पन्नाशीच्या डायबिटीसवाल्या मुलापेक्षा चांगले असू शकते. म्हणून अब्बू-अम्मींच्या सहीआधी भूलतज्ज्ञांना आपण दोनच प्रश्न विचारू या: यकृताची ताकद कशावरून ठरवली? आणि त्याप्रमाणे औषधांत काय बदल करणार?