औषधाची जाहिरात : हक्क विक्रेत्याचा की रुग्णाचा?

१/
भिवंडीतील कामतघरच्या औषध दुकानात अँटिबायोटिकची पट्टी घेतली, तर तिच्यावर लाल उभी रेषा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकू नये असा इशारा आढळतो. अशा औषधाची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाखाली औषधांच्या जाहिरातींवरील बंधने टिकली कशी? त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
ब्रिटिश काळात औषधांचा बाजार जवळजवळ मोकाट होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये त्याची चौकशी केली. पुढे १९४० चा औषध कायदा आला. तो औषधाच्या गुणवत्तेकडे पाहणारा होता. औषधाविषयी काय बोलले जाते, हा प्रश्न मात्र मागे राहिला. शक्तिवर्धके, गुप्तरोगांवरील रामबाण उपाय, ताईत आणि कवचे यांच्या जाहिराती छापल्या जातच राहिल्या.

३/
१९५४ मध्ये संसदेने औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या, कामशक्ती वाढवण्याचे आमिष दाखवणाऱ्या आणि मंत्र-ताईतांनी रोगमुक्तीची हमी देणाऱ्या जाहिराती गुन्हा ठरल्या. लोकांनी जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर उपचार करू नयेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

४/
दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने आणि इतर काही उत्पादकांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आपली औषधे लोकांपर्यंत पोहोचवणे हे आपले भाषणस्वातंत्र्य आहे आणि या कायद्याने युनानी-आयुर्वेदासारख्या देशी पद्धतींची गळचेपी होते, असे त्यांचे म्हणणे होते.

५/
येथे संविधानातील एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. अनुच्छेद १९(२) नुसार भाषणावर फक्त तेथे नमूद केलेल्या कारणांसाठीच बंधन घालता येते, आणि त्या यादीत ‘सार्वजनिक आरोग्य’ नाही. व्यापारावर मात्र १९(६) नुसार जनहितासाठी वाजवी बंधने घालता येतात. म्हणजे जाहिरात ‘भाषण’ की ‘व्यापार’, या एका उत्तरावर संपूर्ण कायद्याचे भवितव्य टांगलेले होते.

६/
१८ डिसेंबर १९५९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांनी लिहिले त्याचा आशय असा : जाहिरात हा अभिव्यक्तीचा प्रकार खरा, पण तिचे खरे स्वरूप तिच्या उद्देशावरून ठरते. उद्देश मालाच्या विक्रीचा असेल, तर ती व्यापाराचा भाग होय. भाषणस्वातंत्र्याचे कवच तिला नाही.

७/
न्यायालयाने आधार घेतला तो अमेरिकेतील १९४२ च्या एका निकालाचा. नौदलातून निवृत्त झालेली पाणबुडी दाखवून पैसे मिळवणाऱ्या एका गृहस्थाला न्यूयॉर्कमध्ये हस्तपत्रके वाटण्यास मनाई झाली. त्याने पत्रकाच्या पाठीमागे मनाईचा निषेध छापला. निव्वळ व्यापारी जाहिरातीला घटनेचे संरक्षण नाही, असे सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयाने मनाई उचलून धरली.

८/
तरीही हमदर्द निकालात सरकारला सर्वच मिळाले नाही. रोगांच्या यादीत हवी ती भर घालण्याचा शासनाला दिलेला मोकळा अधिकार आणि जप्तीची अनिर्बंध तरतूद न्यायालयाने रद्द केली. म्हणून १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची यादी थेट कायद्यालाच जोडली गेली. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशी ५४ नावे तिच्यात आहेत.

९/
दोनच वर्षांनी पुण्याच्या ‘सकाळ’ने हा विषय दुसऱ्या बाजूने उभा केला. वृत्तपत्राची किंमत, पाने आणि जाहिरातींची जागा यांवर सरकार नियंत्रण आणू पाहत होते. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी ते फेटाळले. जाहिराती घटल्या की किंमत वाढते, किंमत वाढली की वाचक घटतो. मग व्यापाराच्या नावाखाली आवळला जातो तो विचारांचाच गळा.

१०/
इकडे अमेरिकेत पाणबुडीच्या निकालाचा पायाच खचला. व्हर्जिनिया राज्यात औषध विक्रेत्यांना चिठ्ठीवरील औषधांच्या किमती जाहीर करण्यास बंदी होती. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते ग्राहक. १९७६ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरली. औषध कोठे स्वस्त मिळते हे कळणे गरीब आणि वृद्ध रुग्णांच्या गरजेचे आहे, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. भाषणस्वातंत्र्य येथे ऐकणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले.

११/
हा विचार भारतात पोहोचला तो मुंबईतील टेलिफोन निर्देशिकेच्या वादातून. टाटा प्रेसच्या ‘यलो पेजेस’ना महानगर टेलिफोन निगमने हरकत घेतली होती. १९९५ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी व्यापारी जाहिरातही अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये येते असे ठरवले. त्यांनी दिलेले उदाहरण अर्थपूर्ण आहे : जीवरक्षक औषधाची माहिती जाहिरातदारापेक्षा जनतेला अधिक मोलाची असू शकते.

१२/
मग १९५४ चा कायदा कोलमडला का? नाही. जाहिरातीला संरक्षण मिळते ते ऐकणाऱ्याला माहिती मिळावी म्हणून. फसवी जाहिरात ही माहितीच नव्हे. टाटा प्रेस निकालानेच दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना संरक्षणाबाहेर ठेवले. हमदर्दचा निष्कर्ष टिकला. त्याखालचे कारण तेवढे बदलले. पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये केलेल्या याचिकेची लढतही याच भूमीवर झाली.

१३/
अमेरिकेत मात्र तेच तत्त्व पुढे उलटे फिरले. कोणता डॉक्टर कोणते औषध लिहितो, ही माहिती औषध कंपन्यांना विक्रीसाठी वापरू देण्यावर व्हरमाँट राज्याने निर्बंध घातले. २०११ मध्ये ते भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द झाले. रुग्णासाठी घडवलेली ढाल पस्तीस वर्षांत कंपन्यांच्या हाती गेली.

१४/
भारतातील उणीव वेगळी आहे. १९५४ च्या कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरांना गोपनीयरीत्या पाठवलेल्या औषधविषयक जाहिरातींना सूट दिली. हेतू समजण्याजोगा होता : जाणकाराशी बोलण्यास अडसर नको. पण चिठ्ठीवरील औषधाचा खरा ग्राहक डॉक्टरच असतो, आणि त्याचे मन वळवणे केवळ शब्दांनी होत नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अपेक्स लॅबोरेटरीज निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर सोन्याची नाणी, टीव्ही आणि फ्रीज यांसारख्या भेटींचा प्रश्न आला. अशा खर्चावर कंपनीला आयकरात वजावट मिळणार नाही, असे ठरले.

१५/
मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने डॉक्टरांना अशा भेटी देण्यास मनाई केली. परंतु तक्रार ऐकणार ती उद्योगसंघटनेचीच समिती. ‘मधुमेह मुळापासून बरा करू’ असे भिंतीवर लिहिणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चिठ्ठीवरचे नाव भेटवस्तू देऊन बदलणाऱ्यासाठी या संहितेत कैद नाही. कामतघरच्या दुकानात त्या चिठ्ठीचे पैसे मोजणारा रुग्ण या दुसऱ्या व्यवहारात कोठेच नसतो. त्याच्या कानावर काही पडतच नाही, म्हणून त्याच्या ऐकण्याच्या हक्काचा प्रश्नही कोणी न्यायालयात नेत नाही.