आहे–पाहिजे समस्या

वस्तुस्थिती सांगणाऱ्या विधानांवरून काय केले पाहिजे हे तर्काने ठरते का, हा नीतिशास्त्रातील प्रश्न. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७११–१७७६) याच्या मानवी स्वभावावरील प्रबंधाच्या तिसऱ्या खंडात (१७४०) तो एका परिच्छेदापुरता येतो. नीतीवर लिहिणारे लेखक ईश्वराविषयी किंवा माणसांच्या व्यवहाराविषयी ‘आहे’, ‘नाही’ अशी विधाने करत जातात आणि मध्येच, काही न सांगता, ‘पाहिजे’, ‘नये’ यांवर उतरतात. हा बदल कशाच्या बळावर झाला ते सांगा, एवढीच ह्यूमची मागणी होती.

निगामी युक्तिवाद वैध असतो तेव्हा आधारविधाने खरी असून निष्कर्ष खोटा असणे अशक्य असते. वैधतेने आधारविधाने खरी ठरत नाहीत. ती वेगळी तपासावी लागतात. ‘ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, म्हणून ती पाळली पाहिजे’ हा युक्तिवाद घेतला, तर आधारविधान मान्य करूनही निष्कर्ष नाकारता येतो. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पाळले पाहिजे’ हे न बोललेले विधान जोडले की युक्तिवाद वैध होतो, पण खरा वादही तिथेच असतो, कारण जुन्या प्रथांत अन्यायाच्या प्रथाही येतात. ह्यूमच्या मागणीचा मोठा उपयोग हाच, की गृहीत धरलेले मूल्य उघडे पडते. नैतिक चर्चा निरर्थक आहे असा अर्थ तिच्यातून काढणे हा तिच्यावर अन्याय आहे.

विसाव्या शतकात आर. एम. हेअर याने (१९५२) हा मुद्दा नियमासारखा मांडला: आधारविधानांत एकही आज्ञार्थी विधान नसेल, तर आज्ञार्थी निष्कर्ष वैधपणे निघत नाही. ह्यूमला स्वतःला इतके कडक काही म्हणायचे होते का, याबद्दल अ‍ॅलिस्डेअर मॅकिंटायर याने १९५९ मध्ये शंका घेतली.

तर्कशास्त्राच्या बाजूने सर्वांत खट्याळ आक्षेप ए. एन. प्रायर याचा (१९६०). इंग्लंडात चहा पिण्याची रीत आहे, असे समजा. त्यावरून ‘इंग्लंडात चहा पिण्याची रीत आहे, किंवा सर्व न्यूझीलंडवासीयांना गोळ्या घातल्या पाहिजेत’ हे वैधपणे निघते, कारण खऱ्या विधानाला ‘किंवा’ लावून काहीही जोडता येते. (प्रायर स्वतः न्यूझीलंडचा.) हे जोडविधान नैतिक मानले, तर निव्वळ वस्तुस्थितीवरून नैतिक निष्कर्ष निघाला. नैतिक मानले नाही, तर तेच आधाराला घ्यावे आणि ‘तशी रीत नाही’ हे दुसरे वस्तुस्थितिदर्शक विधान त्याला जोडावे. मग गोळ्या घालण्याचा निष्कर्ष अटळ होतो. दोन्हीकडून नियम मोडतो. अशा निष्कर्षाने कोणाच्याही वागण्याला दिशा मिळत नाही हे खरे, पण नियम नेमका मांडणे किती अवघड आहे ते यातून कळते.

जॉन सर्ल याचा १९६४ मधील प्रयत्न अधिक गंभीर आहे. एखाद्याने पाच डॉलर देण्याचे वचन दिले, म्हणजे त्याने स्वतःवर बंधन घेतले, म्हणून त्याने ते दिले पाहिजेत. वचन देणे ही साधी घटना नसून नियमांनी घडलेली संस्था आहे, तिच्यात ‘पाहिजे’ आधीच बसलेले असते, असे सर्लचे म्हणणे. त्यावर हेअरने त्याच वर्षी उत्तर दिले: त्या संस्थेचे नियम स्वीकारणे हीच नैतिक भूमिका आहे, आणि ती सर्लच्या आधारविधानांत दडलेली आहे.